ओघ

सज्जनहो, कळंबच्या श्रीचिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जाताना आपण कुंडापाशी थांबतो, आणि या कुंडाचे पाणी वाढून देवाच्या चरणांना स्पर्श करते ही श्रद्धा मनी धरून हात जोडतो. तेथे पाणी आपल्या इच्छेने येते. नगरांना मात्र ते दुरून आणावे लागले आणि आणलेले वाहते राखावे लागले, म्हणून आज ‘ओघ’ या एका शब्दापाशी आपण निवांत बसू.

ओघाचे पहिले अंग उतार. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून सुमारे 8 किलोमीटरवरच्या शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले, ते मोटेने नव्हे, रहाटाने नव्हे, तर जमिनीखालून गेलेल्या, माणूस आत चालू शकेल अशा दगडी नळातून, केवळ उताराच्या आधारे. उतार फार झाला तर वेगाने धावणारे पाणी चुनाच खरवडून नेते, आणि कमी पडला तर गाळ जागच्या जागी धरतो. म्हणून ओघ म्हणजे वेग नव्हे, अंतापर्यंत टिकणारी मंद गती होय. साधनेचेही असेच आहे, हे आपण जाणताच.

परंतु उतार एकदा साधला म्हणजे ओघ कायमचा साधला, असे नाही; ओघाचे दुसरे अंग निगा. त्या नळावर ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधले होते. कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि आतली तपासणी करता यावी, ही त्यांची योजना. बांधणाऱ्याने बांधतानाच मान्य केले होते की गाळ येणार, मुळे शिरणार, चुना झिजणार, आणि कोणाला तरी खाली उतरावे लागणार. मला या नळाच्या लांबीपेक्षा ही मान्यताच अधिक थोर वाटते.

ही निगा रोममध्येही होती; तेथे इसवी सन 97 मध्ये फ्रोंटिनस जलव्यवस्थेचा अधिकारी झाला, तेव्हा नळांच्या निगराणीला सुमारे 700 गुलाम होते, आणि नळांच्या दोन्ही बाजूंना झाडे लावण्यास कायद्याने मनाई होती, कारण मुळे बांधकाम फोडतात. त्या नावाविना राहिलेल्या हातांनी साम्राज्याच्या राजधानीची तहान भागवली; ओघ राखणाऱ्यांचे ऋण सांगताना त्यांची दास्यावस्था विसरता येत नाही.

ओघाचे शेवटचे अंग वाटप. पुण्यात कात्रजचे पाणी वाड्यातच अडले नाही, पेठांतील हौदांत आले. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने पुढे औरंगाबाद म्हटले गेलेले नगर वसवले आणि भुयारी नहरीने तेथे पाणी आणले. पुढे त्याच नगरातील पाणचक्कीवर, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी, दुरून आलेल्या पाण्याने जाते फिरले आणि फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी धान्य दळले गेले. जे पाणी स्वतःपाशी थांबत नाही, त्यालाच ओघ म्हणावे.

आपल्या यवतमाळने 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह धरणांचे तळ पाहिले आहेत. तेव्हा सज्जनहो, यंदा मृगाआधी आपापल्या गावच्या विहिरीचा, नाल्याचा, पाझर तलावाचा गाळ काढायला घरटी एक माणूस तरी उतरू द्या.