हिशोब कुणी कुणाला द्यायचा?

जानेवारी 2025 मध्ये कल्याणमधलं एक छोटं क्लिनिक बंद झालं. 'मित्र' हे त्याचं नाव. हैदराबाद, पुणे आणि कल्याण अशा तीन शहरांत तृतीयपंथीयांसाठी ही क्लिनिकं चालत होती आणि त्यांत काम करणारे बरेचजण त्याच समाजातले होते. बंद पडण्याचं कारण ना कल्याणात होतं, ना महाराष्ट्रात. वॉशिंग्टनमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत थोपवण्याच्या आदेशावर सही केली आणि 'युसेड' या अमेरिकी मदतसंस्थेच्या पैशावर उभ्या असलेल्या तिन्ही ठिकाणांना टाळं लागलं. क्लिनिकवर ज्यांची भिस्त होती, त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची सोयच त्या व्यवस्थेत नव्हती.

ही गोष्ट एकट्या क्लिनिकची नाही. समाजानं ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी पैसा येतो तेव्हा त्याचा हिशोब कुणाला दिला जातो, असा हा प्रश्न आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तो सर्वात लख्ख दिसतो आणि त्याचं उत्तर गेल्या सत्तर वर्षांत हळूहळू बदलत आलं आहे.

सुरुवातीचं उत्तर उद्धाराचं होतं. 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा याच भूमिकेतून आला. हा कायदा देहविक्रयालाच गुन्हा ठरवत नाही. पण कुंटणखाना चालवणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं, दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणं हे गुन्हे आहेत. शेवटच्या कलमाच्या कचाट्यात दलाल सापडतो, तशीच बाईच्या कमाईवर जगणारी तिची म्हातारी आई आणि सज्ञान मुलगाही सापडू शकतो. छापा पडला की बाई सुधारगृहात जाते. पैसा येतो तो सुधारगृहाला, शिवणयंत्राला, वसतिगृहाच्या इमारतीला. 1996 च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या छाप्यांत चारशेहून अधिक मुली-बायकांना ताब्यात घेतलं गेलं. त्यांत नेपाळी मुली पुष्कळ होत्या. पुढे महिनोन्महिने त्यांचं काय करायचं, हेच यंत्रणेला उमगत नव्हतं. सोडवणाऱ्यांचा हेतू खोटा नव्हता. अल्पवयीन मुलींना सोडवलंच पाहिजे, यात दुमत नाही. पण सज्ञान बाईला काय हवं, हा रकाना या योजनेच्या कुठल्याच कागदावर नव्हता.

दुसरं उत्तर एड्सनं दिलं. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी सांगलीत मीना शेषू यांनी 'संग्राम' संस्था सुरू केली आणि कोलकात्याच्या सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी काम हाती घेतलं. वस्तीत पैसा येऊ लागला, पण तो बाईसाठी नव्हता; तिच्याकडून गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाइकाकडून त्याच्या घरी रोग जाऊ नये, म्हणून होता. तरीही एक गोष्ट घडून गेली. निरोध वाटायला बाहेरची ताई आली तर कुणी दार उघडेना; शेजारच्या खोलीतली बाई आली तर उघडायचं. म्हणून वस्तीतल्याच बायकांना कामाला घेणं भाग पडलं. गिऱ्हाईक निरोध नाकारतं, कारण बाईला 'नाही' म्हणता येत नाही. 'नाही' म्हणता येत नाही, कारण डोक्यावर पोलीस, गुंड आणि कुंटणखाना चालवणारी घरवाली आहेत. आजार रोखायचा तर आधी ही माणसं रोखायला हवीत, एवढं तर्कशास्त्र गल्लीतल्या बायकांनी कुठल्याही तज्ज्ञाच्या आधी जुळवलं होतं.

त्यातून तिसरं पाऊल पडलं, संघटनेचं. 1995 मध्ये कोलकात्यात 'दुर्बार महिला समन्वय समिती' उभी राहिली. 1996 मध्ये सांगलीच्या गोकुळनगरसारख्या वस्त्यांमधल्या बायकांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापली. आरोग्याच्या कामाबरोबर पोलिसांच्या मारहाणीविरुद्ध उभं राहणं, आपसातले तंटे मिटवणं, मुलांच्या शाळेचं बघणं ही कामं परिषदेनं अंगावर घेतली. याच काळात कोलकात्यातल्या बायकांनी 'उषा' ही सहकारी संस्था काढली. नोंदणीच्या वेळी सहकार कायद्यातली चांगल्या चारित्र्याची अट आडवी आली. गृहिणी म्हणून नाव लावा, हा सोपा मार्ग होता. बायकांनी तो घेतला नाही आणि अखेर नियम बदलावा लागला. रोजच्या कमाईतले थोडे पैसे पेढीत टाकणारी बाई अडीनडीला सावकाराकडे किंवा घरवालीकडे हात पसरत नाही, हे त्या पेढीनं दाखवून दिलं.

महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. आपला सांगली-कोल्हापूरचा पट्टा सहकाराचाच. साखर कारखान्यांना राज्य सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला थकहमी दिली; सभासदाचं चारित्र्य कुणी तपासलं नाही. गोकुळनगरच्या वाट्याला मात्र भागभांडवल आलं नाही, प्रकल्प आला. प्रकल्पाला मुदत असते, उद्दिष्ट असतं आणि वर एक दाता बसलेला असतो.

दात्याची अट म्हणजे काय, ते 2003 मध्ये कळलं. अमेरिकेनं एड्ससाठी मोठा निधी देणारा कायदा केला आणि त्यात एक शर्त घातली: पैसा हवा असेल, तर संस्थेनं वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण लेखी स्वीकारावं. 2005 मध्ये ब्राझीलनं चार कोटी डॉलर नाकारले. त्याच वर्षी 'संग्राम'नंही सही न करता अमेरिकी पैसा सोडला. जिच्यासोबत काम करायचं, तिच्याच जगण्याविरुद्ध लिहून द्यायचं आणि वर तिनं विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करायची, हे जमणारं नव्हतं. जिल्ह्याच्या गावच्या संस्थेला हा नकार स्वस्तात पडत नाही. त्यापाठोपाठ आरोप आणि बदनामीही वाट्याला आली. पुढे 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही शर्त अमेरिकी संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांना मात्र असं संरक्षण नाही, असं 2020 मध्ये स्पष्ट केलं.

दरम्यान आपल्याकडे गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' हा कार्यक्रम आणि 2007 पासूनचा एड्स नियंत्रणाचा तिसरा टप्पा यांनी समुदायाच्या संस्थांना अधिकृत जागा दिली. ही मोठी प्रगती होती. पण हिशोबाची दिशा बदलली नाही. किती जणींना भेटलात, किती निरोध वाटले, किती तपासण्या झाल्या, याचे तक्ते वर जात राहिले. छाप्यात पकडलेल्या मैत्रिणीसाठी रात्रभर पोलीस ठाण्यात बसलेल्या बाईचं काम कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं. शिवाय विचित्र असं की काम फळाला आलं, लागण कमी झाली, तसा पैसाही आटत गेला. रोगाच्या भीतीनं आलेला पैसा भीतीबरोबर परत जाणारच.

चौथा विचार 2012 मध्ये आकाराला आला. ॲमस्टरडॅममध्ये 'रेड अम्ब्रेला फंड' सुरू झाला. जगभरातल्या, सेक्सवर्कर स्वतः चालवतात अशाच संघटनांसाठीचा हा निधी. त्याचं वेगळेपण असं की कुणाला पैसा द्यायचा, हे ठरवणाऱ्यांतही बहुसंख्य सेक्सवर्करच असतात. ठरावीक प्रकल्पापुरता पैसा न देता संघटनेचं भाडं, पगार, प्रवास अशा जिवंत राहण्याच्या खर्चाला तो दिला जातो. म्हणजे कुठे आधी लढायचं, हे संघटना ठरवते. दात्याचं काम विश्वास ठेवणं आणि खर्च नेकीनं झाला एवढं पाहणं.

यावर आक्षेप आहेत आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा की हा धंदा मुळात शोषणच आहे. त्यातल्या संघटनेला पैसा म्हणजे शोषणाला बळ. पण संघटना नसल्यानं धंदा थांबत नाही. फक्त बाई एकटी पडते आणि गल्लीत नव्यानं आणलेली कोवळी मुलगी कुठून आली, हे सांगायला कुणी उरत नाही. ती आधी दिसते तिथल्याच बायकांना. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: संघटनेत घरवालीचंच चालणार नाही कशावरून? चालू शकतं. सहकारात बड्या सभासदाचं चालतं, युनियनमध्ये पुढाऱ्याचं. त्यावरचा उपाय निवडणूक, सर्वांसमोर वाचलेला हिशोब आणि नव्या बाईला मत, हाच आहे. आक्षेप खरा आहे, म्हणून सगळा व्यवहार पुन्हा बाहेरच्या विश्वस्ताच्या हाती द्यावा, असं त्यातून निघत नाही.

मग पैसा यायचा कुठून? त्यासाठी आता ठाण्याकडे येऊ. 1 ऑगस्ट 1962 ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला तो वागळे इस्टेटमध्ये. इथल्या कारखान्यांच्या शेजारी कामगार विम्याचं रुग्णालय आहे. ते कुणाच्या दयेवर उभं राहिलं नाही. त्यामागे कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा आहे आणि त्याहून मोठा मालकाचा वाटा आहे. माथाडी कामगाराला एक मालक नव्हता, तर 1969 च्या कायद्यानं मंडळ नेमून लेव्ही वसूल करण्याची तजवीज केली. कामगार म्हणून मान्यता मिळाली की पैशाची वाट निघते, हा आपल्याच राज्याचा अनुभव. भिवंडीत हनुमान टेकडीवरच्या बाईला ही मान्यता नाही. तिला ना विमा, ना मंडळ, ना लेव्ही. नुसत्या वर्गणीवर तिची संघटना तगत नाही आणि म्हणून बाहेरचा पैसा लागतो.

परदेशी पैशाची वाट अरुंद झाली आहे. परदेशी निधीच्या कायद्यातल्या सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीमुळे असा निधी मिळालेल्या मोठ्या संस्थेला त्यातला वाटा छोट्या संस्थेला देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. गल्लीतल्या संघटनेचा बराचसा खर्च म्हणजे माणसंच. त्याच महिन्यात, करोनाच्या काळात, सर्वोच्च न्यायालयानं ओळखपत्राचा आग्रह न धरता या स्त्रियांना शिधा द्या, असं सांगितलं आणि पुढे राज्य सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा 5,000 रुपये, शाळकरी मुलं असलेल्यांना आणखी 2,500 जाहीर केले. ज्यांची कागदोपत्री नोंद नाही अशा बायका कुठे राहतात, कोण आजारी आहे, कुणाची मुलं उपाशी आहेत, हे अशा वेळी वस्तीतल्या संघटनेइतकं कुणालाच ठाऊक नसतं. 19 मे 2022 ला न्यायालयानं या स्त्रियांना सन्मानानं वागवण्याचे निर्देश पोलिसांना दिले. तो आदेश पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला दाखवायला बरोबर जाणारी बाई कुणीतरी पगारावर ठेवायला हवी.

तो पगार देशातूनही निघू शकतो. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे आहेत. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्त्री-पुरुष समानता आहे आणि मागास गटांची विषमता कमी करणंही आहे. म्हणजे कायदा आडवा येत नाही. कंपन्यांचा पैसा मात्र शाळेच्या बाकांकडे आणि वृक्षारोपणाकडे वळतो, कारण त्यात फोटो चांगला येतो आणि संचालक मंडळात कुणी भुवया उंचावत नाही.

वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवलीच्या एमआयडीसीत ज्यांच्या हाती असा निधी आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. सुधारगृहाला रंग देण्याऐवजी बायकांनी चालवलेली नोंदणीकृत संघटना शोधा. तिला तीन वर्षांसाठी, तिच्या कार्यालयाच्या आणि माणसांच्या खर्चाला पैसे द्या. लेखापरीक्षण चोख मागा, पण काय करायचं ते सांगू नका. संघटनेनं वर्षातून एकदा तुम्हाला हिशोब द्यावा आणि दर महिन्याला आपल्या सभासद बायकांना द्यावा. दुसरा हिशोब नीट होत असेल, तर पहिल्याची काळजी करण्याचं कारण उरणार नाही.