लेखणी उचलली जाते तेव्हा

जुन्या नाशिकमधील एका घरात असरच्या अजाननंतर रोज हेच घडते. ऐंशीच्या घरातील अम्मी वुजू करतात, नमाज अदा करतात, मुसल्ला घडी करून ठेवतात आणि पाच मिनिटांनी विचारतात, "असर झाली का रे?" मुलगा सांगतो, "झाली, अम्मी. आत्ताच पढलात." त्या मान हलवतात आणि पुन्हा वुजूला उठतात. मुलगा दीनचा जाणकार आहे. सुरुवातीच्या दिवसांत असरनंतर नफ्ल नमाज नसते, हा मसला तो त्यांना समजावून सांगत असे. मसला बरोबरच होता. ज्यांना तो सांगितला जात होता त्यांच्यापाशी मात्र तो दहा मिनिटेही टिकत नव्हता. मग दिवे लागले की दुसरा प्रश्न येतो, "तुझे अब्बा अजून दुकानातून आले नाहीत?" अब्बांना जाऊन अकरा वर्षे झाली आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, या मुलाने काय उत्तर द्यावे?

उत्तराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हा मेंदूचा आजार आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण असलेल्या विकाराचे वर्णन आलॉईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 मध्ये केले आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ 88 लाख लोकांना डिमेन्शिया असावा. तेव्हा "म्हातारपणी असे व्हायचेच" म्हणून स्वस्थ बसणे चूक, आणि याला एखाद्या गुनाहची शिक्षा किंवा आसेब समजून तावीज शोधत फिरणे त्याहून मोठी चूक. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. ही तपासणी न करताच आईला 'सठियाई हुई' ठरवणे हा तिच्यावरचा अन्याय आहे. दुआ अवश्य करावी, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याचाही आदेश दिला आहे.

कुरआन या अवस्थेबाबत मौन नाही. सूरह अन-नहलच्या 70 व्या आणि सूरह अल-हज्जच्या 5 व्या आयतीत अशा वयाचा उल्लेख आहे, जिथे माणूस पुष्कळ काही जाणून घेतल्यानंतर काहीच न जाणणारा होतो. प्रेषितांनी (स.) या वयापासून अल्लाहचा आश्रय मागितला. ज्या गोष्टीपासून आश्रय मागितला जातो ती संकट असते, दोष नव्हे. म्हणूनच तीन व्यक्तींवरून लेखणी उचलली गेल्याची प्रसिद्ध हदीस इथे महत्त्वाची ठरते: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी हरपलेला भानावर येईपर्यंत. अबू दाऊदमधील एका रिवायतीत तर वार्धक्याने भ्रमिष्ट झालेल्याचा वेगळा उल्लेख आहे.

याचा अर्थ पहिल्याच विस्मरणाबरोबर मुसल्ला काढून घ्यावा असा नाही. जोवर समज आहे तोवर सामर्थ्याप्रमाणे फर्ज आहेच. शेजारी बसून रकअती मोजणे, आयती मोठ्याने म्हणणे ही मदत करावी. परंतु समज गेल्यावर त्या चार वेळा असर पढोत किंवा एकदाही न पढोत, त्यांचा हिशेब बंद आहे. उघडा आहे तो आपला. सूरह बनी इस्राईलमध्ये वृद्ध आईवडिलांना 'उफ्फ'सुद्धा म्हणण्यास मनाई आहे. एकाच प्रश्नाला विसाव्या वेळी उत्तर देताना नेमका हाच उद्गार ओठांवर येतो, हे ज्यांनी असा घरी एक दिवस काढला आहे त्यांना सांगायला नको.

आता अब्बांचा प्रश्न. मुलाने प्रथम खरे सांगितले. अम्मींसाठी ती बातमी नवी होती. त्या रडल्या, बांगड्या उतरवू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारले आणि पुन्हा खरे सांगितल्यावर पुन्हा विधवा झाल्या. मोमिनने खोटे बोलू नये हे निर्विवाद आहे. पण सत्य सांगणे म्हणजे दर संध्याकाळी एक मय्यत उठवणे नव्हे. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांचे लहान मूल वारले, तेव्हा घरी परतलेल्या पतीला, हजरत अबू तल्हा (रजि.) यांना, त्यांनी इतकेच सांगितले की ते आता पूर्वीपेक्षा शांत आहे. शब्द खरा होता, घाव तेवढा थांबला. सकाळी त्यांनी सारे सांगितले; आणि प्रेषितांनी (स.) त्या दांपत्यासाठी बरकतीची दुआ केली. अबू तल्हांच्या वाट्याला ती सकाळ होती. आपल्या अम्मींच्या वाट्याला ती येणार नाही, म्हणून रात्रीचे ते उत्तरच त्यांच्यासाठी पुरेसे आहे, असे मला वाटते. "अब्बा आरामात आहेत, अम्मी. तुमची फार आठवण येतेय का?" यात असत्य नाही. पुढे त्यांनाच अब्बांविषयी बोलू द्यावे. पन्नास वर्षांपूर्वीचे दुकान त्यांना आजच्या न्याहारीपेक्षा लख्ख आठवते.

अशा घरांत सहसा न बोलली जाणारी एक गोष्ट इथे लिहितो. आईची खिदमत करून जन्नत कमवण्याची भाषा मुलगा करतो. अंथरूण मात्र सून बदलते. फुकहांच्या मते सासूची सेवा सुनेवर कायद्याने बंधनकारक नाही. ती करते तो तिचा एहसान आहे, आणि कर्ज मुलाच्याच खात्यावर राहते. त्याने दुकानातून दोन तास लवकर यावे, रात्रीची जाग वाटून घ्यावी, बहिणी-भावांनी आठवड्याचे दिवस ठरवावेत. ज्यांना हेही शक्य नसेल त्यांनी 14567 या ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत दूरध्वनीवर मार्गदर्शन घ्यावे. त्यात लाज कसली?

आणि अंगठा. वाड्याच्या कागदांवर अम्मींचा अंगठा घेण्याची घाई नेमकी याच काळात होते. बुद्धी शाबूत नसताना दिलेला हिबा शरीअतमध्ये वैध नाही आणि भारतीय करार कायदाही करारासाठी शाबूत बुद्धी मागतो. सूरह अन-निसाच्या 5 व्या आयतीत अल्पबुद्धीच्या व्यक्तींच्या हाती संपत्ती न सोपवता तिच्यातून त्यांचे खाणे-कपडे करण्याचा आदेश आहे आणि त्याच आयतीत त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलण्याचाही. घाई करणाऱ्यांना आयतीचा पहिला भाग पाठ असतो.

त्या घरातील मुलगा आता मसला सांगत नाही. अम्मींनी "असर झाली का रे?" विचारले की तो दुसरा मुसल्ला काढून त्यांच्याजवळ बसतो आणि तसबीह त्यांच्या हाती देतो. कधी त्या तसबीह ओढतात, कधी बोटांनी नुसते मणी चाचपत राहतात. मगरिबची अजान होते तेव्हा दोघे तिथेच असतात.