‘श्वास चालू आहे का?’

हृदय बंद पडल्यावरही माणूस काही मिनिटं श्वास घेतल्यासारखं करू शकतो. घशातून घरघर, मधूनच एखादा आचका. फोनवरच्या बायकोला विचारलं, ‘श्वास चालू आहे का?’ तर ती म्हणते, ‘हो.’ ती खोटं बोलत नाही. प्रश्न बरोबर, उत्तर प्रामाणिक, आणि तरी छाती दाबायला कुणी सांगत नाही.

कोपनहेगनमध्ये असे कॉल ओळखायला संगणकाला शिकवलं. जुन्या रेकॉर्डिंगवर तो माणसांपेक्षा सरस ठरला. मग चालू कामात चाचणी झाली. त्याने ओळखलेल्या काही कॉलमध्ये कर्मचाऱ्याला इशारा दाखवला, बाकीच्यांत नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आला: इशारा असताना सुमारे ९३ टक्के रुग्ण ओळखले गेले, नसताना ९०.५. योगायोगानेही पडावा इतकाच फरक. इशारा मिळणं वेगळं, समोरचा आवाज ‘हो’ म्हणत असताना त्यावर विश्वास बसणं वेगळं.

मला जास्त छळतो तो नंतरचा शोध. ‘सकाळी डॉक्टरांना दाखवा’ म्हटलेला माणूस पहाटे गेला, हे कॉल सेंटरला कळणार कसं? डेन्मार्कमध्ये १९६८पासून प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक असतो, त्यामुळे फोन आणि मृत्यूची नोंद जोडता येते. आपल्याकडे १०८ला फोन करणारा कधी वाटसरू असतो, त्याला रुग्णाचं नावही ठाऊक नसतं. (आणि सगळ्या नोंदी जोडणारं सरकार मला हवंय का, हा वेगळाच घोर.)

शिवाय उलटी चूकही आहेच. साध्या चक्करीला गाडी धावली, म्हणून दुसऱ्याच्या दारात ती उशिरा पोचली. त्या दुसऱ्याच्या घरच्यांना हे कधीच कळत नाही. फक्त न पाठवलेल्या गाडीची शिक्षा होणार असेल, तर शहाणा कर्मचारी सगळीकडे गाडी पाठवेल आणि सुरक्षित राहील. तो, रुग्ण नव्हे.

समजा, नोंदी जुळवताना दोन वर्षांपूर्वीची चूक सापडली. घरचे सावरलेत, त्यांना संशयही नाही. सांगायचं? ‘जखम कशाला उकरायची’ म्हणणाऱ्यांत मला दयेपेक्षा वकिलाची भीती जास्त ऐकू येते. सांगायला हवं. वेळेत गाडी जाऊनही तो वाचला असता की नाही हे माहीत नाही, हेसुद्धा. त्या बायकोने दोन वर्षं स्वतःचंच ‘हो’ आठवत काढली असतील.