कुर्बान: देवाचं आधी?

आजचे वाचन: मार्क 7:1-13



आजच्या उताऱ्यात वाद सुरू होतो हात धुण्यावरून. प्रश्न स्वच्छतेचा नाही, शुद्धतेचा आहे. दर्शनमंडपात जाण्यापूर्वी हातपाय धुवावेत, ही आज्ञा याजकांना होती (निर्गम 30:17-21). वाडवडिलांच्या संप्रदायाने हात धुणं सगळ्यांच्या रोजच्या जेवणापर्यंत आणलं. यात वाईट काहीच नाही. मग प्रभू एवढं कडक का बोलला?

कारण "कुर्बान". एखाद्याने आपली वस्तू देवाला अर्पण म्हणून जाहीर केली, की ती आईवडिलांसाठी वापरायची नाही, असा संप्रदाय होता. म्हणजे देवाचं नाव घेऊन देवाचीच आज्ञा (निर्गम 20:12) बाजूला!

हा उतारा मी कितीदा तरी वाचलाय आणि दरवेळी परूश्यांकडे बोट दाखवून पुढे गेलोय. गेल्या वर्षी मात्र अडकलो.

बाबांना मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनचा खर्च मी करायचा, असं ठरलं होतं. पण मंडळीच्या इमारतीसाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यायचं मी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. नवस फेडायला उशीर करू नये, हेही शास्त्रात आहेच (अनुवाद 23:21). तीन महिने मी फोनवर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत राहिलो. आई म्हणायची, "असू दे रे, देवाचं आधी." ते ऐकून मला बरं वाटायचं. आज लिहिताना लाज वाटते.

मग सुट्टीत घरी गेलो. आमच्याकडे रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना असते आणि वचन नेहमी बाबा वाचतात. त्या रात्री त्यांनी बायबल उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि काही न बोलता आईकडे दिलं.

मी पाळकांना जाऊन सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी बाबांचे डोळे बघ. इमारत थांबेल." तेव्हा कळलं, मी देवाचा पैसा जपत नव्हतो. यादीतलं माझं नाव जपत होतो. ऑपरेशन झालं. कबूल केलेली रक्कमही दिली, फक्त उशिरा.

मग परंपरा, नियम सोडूनच द्यायचे का? आपल्यातले बरेच जण म्हणतात, "माझं येशूशी नातं आहे, बाकी धर्म-बिर्म नको." मीही म्हणायचो. पण रात्री जेवणाआधी सगळ्यांनी बसून वचन वाचावं, अशी आज्ञा कुठे आहे? तीही आमच्या आजोबांपासून चालत आलेली रीतच. आणि त्याच रीतीने माझे डोळे उघडले. प्रभू स्वतः आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे (लूक 4:16). पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश देणाऱ्यांना तो "देऊ नका" म्हणाला नाही. न्याय, दया आणि विश्वास सोडू नका, आणि तेही करा, असा त्याचा सूर आहे (मत्तय 23:23).

"कुर्बान" या इब्री शब्दाचं मूळ "जवळ येणं" या अर्थाच्या धातूत आहे. अर्पण म्हणजे देवाच्या जवळ जाणं. आणि त्याच शब्दाआड लोक आईबापांपासून दूर पळत होते.

म्हणून आज उपवास असो, दशांश असो की रविवारची उपासना, स्वतःला एकच विचारूया: यामुळे मी देवाच्या आणि माझ्या माणसांच्या जवळ जातोय, की यामागे लपतोय? लपत असेन, तर रीत मोडायची गरज नाही. आडोशातून बाहेर यायची आहे. आज घरी एक फोन करा.

प्रार्थना: हे देवबापा, तुझं नाव पुढे करून मी टाळलेली माणसं मला दाखव. माझं अर्पण तुझ्या प्रीतीत शुद्ध कर. येशूच्या नावाने मागतो, आमेन.