शेजारच्या संघाचा संप

एका विमान कंपनींत वैमानिक, प्रवाशांची सेवा करणारे, यंत्रें दुरुस्त करणारे कारागीर व सामान वाहणारे हमाल असे अनेक वर्ग काम करितात, आणि बहुधा प्रत्येकाचा कामगारसंघ वेगळा असतो. कंपनी डबघाईस आली असतां एका संघानें संप पुकारिला, तर इतरांनीं कामावर जावें कीं न जावें? प्रश्न अमेरिकेंत उपस्थित झाला खरा. पण मजुरीवर पोट भरणाऱ्या कोणाहि मनुष्यास तो पडण्यासारखा आहे.

ता. ४ मार्च १९८९ रोजीं ईस्टर्न एअर लाइन्सच्या कारागिरांनीं व हमालांनीं संप केला. वैमानिक व विमानांतील सेवकवर्ग त्यांच्या बाजूस उभे राहिले. पांच दिवसांनीं कंपनीनें न्यायालयांत दिवाळ्याचा अर्ज केला. नोव्हेंबरांत वैमानिकांनीं पाठिंबा काढून घेतला. जानेवारी १९९१ मध्यें कंपनी कायमची बंद पडली. साथ दिल्याचें हेंच फळ, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मालकांनीं कंपनीची मालमत्ता संपापूर्वींच विकण्यास काढिली होती, हें मात्र ते सांगत नाहींत.

आतां दुसरी बाजू पाहा. ता. २० ऑगस्ट २००५ रोजीं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे सुमारे ४,४०० कारागीर व सफाईवाले संपावर गेले. कंपनी त्यांच्या सुमारे २,००० जागाच काढून टाकूं पाहत होती. येथें बाकीचे संघ कामावर राहिले. वैमानिकांनीं २००४ सालीं शेंकडा १५ वेतनकपात सोसली होती. आणि १९९८ सालीं हमालांच्या मोठ्या संघांतून निघून कारागिरांनीं आपली वेगळी चूल मांडिली होती, तो सल होताच. ता. १४ सप्टेंबर रोजीं याहि कंपनीनें दिवाळ्याचा अर्ज केला. मग कपातीची कुऱ्हाड वैमानिकांवर व सेवकवर्गावर आली. २००६ सालीं सेवकवर्ग संपास सिद्ध झाला, तेव्हां न्यायालयानें त्यास मनाई केली.

दोन्ही वाटांनीं हानीच झाली. म्हणून भाकर कोणत्या वाटेनें वांचेल, एवढ्याच हिशेबानें हा प्रश्न सुटणार नाहीं. आपणांस न विचारितां पुकारलेल्या प्रत्येक संपांत उडी घालावी, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याच्या घरीं लेंकरें आहेत त्यानें मागणें न्याय्य आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. कंपनीचा तोटा खरा असेल तर भार सर्वांनीं उचलावा, वरच्या अधिकाऱ्यांनीं तर अगोदर. परंतु सर्वांचें वेतन थोडें थोडें घटविणें निराळें आणि एकाच वर्गाच्या निम्म्या लोकांस घरीं बसविणें निराळें. असें असतां जुना राग पुढें करून स्वस्थ राहणें आम्हांस पटत नाहीं. निदान संपवाल्याचें काम तरी आपण हातीं घेऊं नये.

वैमानिकाची अडचण तर अधिकच नाजूक. दुरुस्तीची नोंद पाहून मगच तो विमान ताब्यांत घेतो. इतकीं वर्षें ज्या कारागिराच्या सहीवर त्यानें आपला व प्रवाशांचा जीव सोंपविला, तो आज फाटकाबाहेर उन्हांत उभा आहे, आणि वहींत सही परक्याची आहे. तिच्याखालीं आपलें नांव घालतांना त्याचा हात क्षणभर तरी अडखळूं नये काय?