विचारायचं कुणाला?

"तुमचंच काम करतोय की, काका."

डिसेंबरातल्या एका सकाळी, मंगळवेढ्याकडच्या आमच्या रानात, विशीतला एक मुलगा मला हे म्हणाला. ज्वारी नुकतीच हुरड्यात आली होती. त्याच्या एका हातात छर्र्याची बंदूक होती आणि दुसऱ्या हातात सुतळीनं पाय बांधलेले तीन होले उलटे लोंबत होते. एकाच्या मानेवरच्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात रक्ताचा थेंब साकळला होता. जोडीदार बांधाला मोटारसायकल लावून तंबाखू मळत उभा होता. दोघंही उद्धट नव्हते. पाखरं कणसं खातात, आम्ही पाखरं मारतो, मग काका चिडतात कशाला, हे त्या मुलाला खरोखरच उमगत नव्हतं. मलाही नीट सांगता आलं नाही. "न विचारता रानात शिरायचं नाही," एवढंच बोललो. ते निघून गेले. त्याचं वाक्य मात्र माझ्याबरोबर पुण्यापर्यंत आलं.

पाखरं ज्वारीचं काय करतात हे पेरणाऱ्याला सांगायला नको. चीननं १९५८ साली चिमण्यांवर मोहीम काढली आणि पुढं पिकांवरच्या किडीनं काय केलं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला अडलं ते "तुमचंच काम" या दोन शब्दांपाशी.

शेतकऱ्याचं काम राखणीचं. राखण आणि शिकार ही एकाच कामाची सौम्य आणि कडक रूपं आहेत असं वाटतं, पण त्यांची तोंडं उलट दिशांना आहेत. राखणदाराला पाखरू उठायला हवं असतं आणि शिकाऱ्याला ते बसायला हवं असतं. पाखरू दिसलं की राखणदार आरोळी ठोकतो, शिकारी श्वास रोखतो. रान रिकामं झालं की एकाचं काम फत्ते होतं, दुसऱ्याची सकाळ वाया जाते.

माझ्या लहानपणी आत्या माळ्यावर उभी राहून गोफण चालवायची. सुताची विणलेली गोफण, मधे ढेकूळ बसेल एवढी पट्टी. एका दोरीचा फास बोटात, दुसरीचं टोक चिमटीत. डोक्याभोवती दोन फेरे, की चिमटी सुटायची आणि मोकळ्या टोकाचा असा कडाका निघायचा की थव्याचा थवा एकदम वर. आत्या आम्हाला दगड घेऊ द्यायची नाही. दगडानं कणीस मोडतं, ढेकूळ घ्या म्हणायची. ढेकूळ हवेतच फुटायचं आणि त्याची माती पानांवर सर्रकन सांडायची. तो आवाज मला आजही ऐकू येतो. नेम पाखरावर नसायचाच, तो थव्याच्या वरच्या मोकळ्या जागेवर असायचा. भोरड्या उठून शेजारच्या रानात उतरायच्या, तिथल्या माळ्यावरून कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायचं आणि थवा पुढं सरकायचा. सगळं शिवार ज्वारीचं होतं, त्यामुळं नुकसानही सगळ्यांत वाटलं जायचं. आता आजूबाजूला ऊस आणि मका आहे. ज्वारीचा एखादाच तुकडा उरतो आणि पंचक्रोशीतली पाखरं त्यावरच उतरतात. राखण आज अवघड झाली आहे, हे मी नाकारत नाही.

माझा एक मित्र इंग्लंडात मुलाकडं सहा महिने राहून आला. त्याला हा प्रसंग सांगितला तर तो म्हणाला, दोष बंदुकीचा नाही, बेशिस्तीचा आहे. तिकडं रानपारवे रेप या तेलबियांच्या कोवळ्या पिकावर थव्यांनी तुटून पडतात. त्यांना मारणारे हौशी नेमबाज आधी शेतकऱ्याला भेटून रीतसर परवानगी घेतात. कुठल्या दिवशी येणार ते कळवतात, हद्द विचारून घेतात, फाटक जसं होतं तसं लावतात, गुरांच्या दिशेनं बार काढत नाहीत, रिकामी काडतुसं वेचून नेतात आणि जाताना पारव्यांची एखादी जोडी शेतकऱ्याच्या दारी ठेवतात. बंदूक घेऊन परक्या जमिनीत नुसतं शिरणं हादेखील तिथं १९६८च्या कायद्यानं गुन्हा आहे. "परवानगी मागायची शिस्त लागली, की सगळं स्वच्छ होतं," असा त्याचा निष्कर्ष.

ती रीत चांगली आहे. ज्यानं ती घडवली त्यानं शेतकऱ्याच्या जागी उभं राहून विचार केला आहे. आणि खरं सांगायचं तर तोवर माझाही राग तेवढाच होता, की मला विचारलं नाही. पण मित्राच्या गोष्टीतलाच एक तपशील मला खटकला. हे नेमबाज शेतात नकली पारवे मांडतात, म्हणजे ते बघून खरे उतरतील. पीक वाचवायला आलेला माणूस पाखरांना बोलावणं धाडतो! मित्र म्हणाला, चार पडले की बाकीचे ते रान सोडतात. सोडतही असतील. तरी त्या सकाळपुरतं त्याला पाखरू बसायलाच हवं असतं.

शिवाय इंग्लंडातही परवानगीवर गोष्ट संपत नाही. १९८१च्या कायद्यानं तिथं रानपाखरांना सरसकट संरक्षण आहे आणि पीक वाचवण्यासाठी मारायची मुभा हा अपवाद आहे. २०१९च्या एप्रिलमध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेला अशा मुभेचे सर्वसाधारण परवाने मागं घ्यावे लागले, कारण वाइल्ड जस्टिस या संघटनेनं त्यांना कायदेशीर आव्हान दिलं होतं. मारणं खरंच गरजेचं आहे का, दुसरा उपाय आहे का, हे न तपासताच ते परवाने लागू होत होते. शेतकरी चिडले, महिन्या-दोन महिन्यांत नवे परवाने निघाले. पण आधी हाकलण्यासारखे उपाय करून बघा, ही अट तिथं आहे. म्हणजे राखण आधी.

मित्रानं शेवटचा मोहरा काढला. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनीही लहानपणी एअरगननं चिमणी पाडली होती. पाडली होती खरी. पण तिच्या गळ्यावर पिवळा डाग का, हे विचारायला तो मुलगा ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडं गेला. आमच्या रानातल्या मुलाला त्याच्या हातातल्या पाखराविषयी काहीच विचारायचं नव्हतं.

मग मी स्वतःलाच विचारलं, समजा त्यानं माझ्याकडं परवानगी मागितली असती तर? आपल्याकडच्या १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली माझा होकार कवडीमोल आहे. होला माझ्या बांधावर बसला म्हणून माझा होत नाही. सातबाऱ्यावर नाव असल्यामुळं मला जे देता येईल असं मी धरून चाललो होतो, ते द्यायचा अधिकारच मला नाही.

जानेवारीत पुन्हा गेलो. आमचं रान एक जोडपं निम्म्या वाट्यानं करतं. नवरा कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, राखण वहिनींची. तांबडं फुटल्यापासून ऊन चढेपर्यंत आणि परत दिवस कलताना त्या एकट्या रानात असतात. त्या पोरांविषयी मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं.

"चार-पाच बार आली ती," त्या म्हणाल्या.

"मग मला फोन का नाही केला?"

"तुमी लावून दिली असतील, असं वाटलं."

मी गप्प झालो. ताटं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. पाच पावलांवर कोण उभं आहे ते दिसत नव्हतं. त्या सांगत होत्या, की बार ऐकू येतो पण कुठून आला ते कळत नाही. मग त्या धाकटीला घेऊन माळ्याखाली बसून राहतात, गाडी लांब गेल्याचा आवाज येईपर्यंत. तेवढा वेळ राखण बंद. पोरं आत शिरून ताटं मोडतात, मोडका कडबा कुणी घेत नाही. पाखरं उठतात आणि वरच्या तुकड्यात उतरतात.

"मी त्यांना हो म्हणालो असतो तर?"

"तरी मी नको म्हणाले असते, दादा. पण मला कोण इचारतंय?"

इंग्लंडच्या कायद्यानं परवानगी देणाऱ्यांत मालकाबरोबर जमिनीचा वापर करणाऱ्यालाही धरलं आहे. हे आधी वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष मालकाकडं होतं. फाटक लावणं, कळवून येणं, बांधावरून हाक देणं, हे सगळं त्या वेळी रानात असलेल्या माणसासाठी आहे. माझ्या रानात त्या वेळी मी नव्हतो. मारायला होकार मी देऊ शकत नाही, पण आत येऊ न देणारा नकार वहिनींचा आहे, आणि तो माझ्या आधी मोजला गेला पाहिजे. मलाही तो विचारायला हवा होता. मी तर हुरड्याला दहा माणसं घेऊन येतो तेव्हाही नुसतं कळवतो.

बोलता बोलता वहिनींनी खाली वाकून ढेकूळ उचललं. वरच्या तुकड्यात भोरड्या उतरल्या होत्या. "जरा मागं सरका, दादा," त्या म्हणाल्या. मी सरकलो.