विकतचा तारा, हातचा तारा



दिवाळीचे आकाशकंदील उतरले की थोड्याच दिवसांत आपला आगमनकाळ सुरू होतो आणि घरोघरी विषय निघतो : यंदा तारा कुठला लावायचा? बाजारात दिव्यांसकट तयार तारा मिळतो. तो सुबक असतो आणि पाच मिनिटांत टांगून होतो. मग कामट्या तासत, खळ शिजवत दोन-तीन संध्याकाळी का घालवायच्या? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. वस्तूचे मोल वस्तूत असते, की ती करण्यात?

प्रथम विकतच्या ताऱ्याची बाजू ऐकू या. तोही कोणाच्या तरी कष्टातूनच तयार झालेला असतो. शिरवळ परिसरातील कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने तयार तारा लावला, म्हणून त्याची भक्ती उणी ठरत नाही. घरी केलेले तेवढे पवित्र आणि विकत आणलेले सगळे उथळ, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही दोन्हींत फरक आहे. ॲरिस्टॉटलने ‘घडवणे’ आणि ‘वागणे’ असा भेद केला. घडवण्याचे साध्य तयार झालेल्या वस्तूत असते; चांगल्या वागण्याचे साध्य त्या वागण्यातच असते. संत थॉमस अक्वायनस यांनीही हा भेद मान्य केला : कलेत पाहायचे ते वस्तू चांगली झाली का, आणि सद्गुणात पाहायचे ते माणूस चांगला झाला का. कारखान्यात वाकडा निघालेला भाग बाजूला टाकावाच लागतो. घरी लेकराने बांधलेला तारा एका अंगाला कलला, तरी तो टाकाऊ नसतो. कारण ताऱ्यासोबत तिथे घरही बांधले जात असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात हेच शिकवले, की श्रमाचे पहिले मोल श्रम करणाऱ्या माणसामुळे ठरते.

आगमनकाळाशी याचा जवळचा संबंध आहे. आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे. विकतचा तारा वाट पाहायला लावत नाही. हातचा तारा मात्र थांबायला शिकवतो. खळ वाळेपर्यंत थांबायचे, बाबांची पाळी सुटेपर्यंत थांबायचे, आजीला उजेडात नीट दिसेल त्या सकाळपर्यंत थांबायचे. जे घर एकमेकांसाठी थांबायला शिकते, ते प्रभूसाठी थांबायलाही शिकते.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेचो गावी नाताळ साजरा केला, तेव्हा सुमारे पंधरा दिवस आधीच त्यांनी योहान नावाच्या एका गृहस्थाला तयारी करायला सांगितले होते. सामान काय, तर गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव. सगळे त्याच गावातले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेचोत गव्हाणीच्या देखाव्यावरील आपल्या पत्रावर सही केली. देखावा कसा मांडला याला महत्त्व नाही, तो आपल्या जीवनाशी बोलतो का याला आहे, असे त्यांनी त्यात सांगितले.

आपल्याकडेही सामान गावातच आहे. सुभानमंगळ भुईकोटाच्या या गावात मुलांना दिवाळीचा किल्ला कसा करायचा, हे शिकवावे लागत नाही. दगड, माती, वर तरट आणि त्यावर पेरलेले अळीव. तीच माती बेथलेहेमच्या टेकडीला चालते. थर्माकोलची गरज नाही; २०१८ पासून राज्यात त्याच्या सजावटीला बंदीच आहे. ताऱ्यासाठी सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाच-पाच कामट्यांचे दोन तारे बांधा, टोके जुळवा, आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर काड्या अडकवून फुगवटा द्या. वर मैद्याच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवा आणि आत एलईडीचा लहान दिवा सोडा.

एक धोका मात्र ओळखावा. हातची वस्तूही मिरवण्याची होऊ शकते. शेजाऱ्याच्या गोठ्यापेक्षा आपला मोठा हवा, म्हणून मुलाच्या हातातली कात्री काढून घेऊन आपणच सगळे नीटनेटके केले, तर तारा सरळ होईल, पण ज्यासाठी तो करायचा होता तेच हातून जाईल. जो सुताराच्या घरी वाढला आणि ज्याला जन्मताना उसनी गव्हाणी मिळाली, त्या प्रभूला आपल्या ओबडधोबडपणाची लाज वाटणार नाही.

म्हणून यंदा प्रत्येक घराने एक तरी वस्तू हाताने करावी. ज्यांना जमणार नाही, त्यांनी तयार तारा आनंदाने लावावा; पण तो टांगताना घरातल्या सगळ्यांना हाक मारावी. आणि इमारतीत जो कोणी नाताळला घरी जाऊ न शकणारा एकटा कामगार राहत असेल, त्यालाही कामट्या बांधायला बोलवावे. बेथलेहेमात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांना जागा देण्याची ती सुरुवात ठरेल.

आगमनकाळाच्या शुभेच्छा!

– आपले धर्मगुरू